उखळीचा सांधा

(चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. भाषणानंतर अंगणात गाडी उभी करून प्रात्यक्षिक झालं.)



कालचा दिवस आपण वनहक्क, ग्रामसभेचे ठराव आणि तेंदूच्या लिलावावर बोललो. आज सकाळच्या सत्राचं नाव फळ्यावर 'गाडीचा बॉल जॉइंट' असं लिहिलेलं पाहून काहीजणी हसल्या. एक मैत्रीण म्हणाली, "मॅडम, आता आमच्याकडून गाडीपण दुरुस्त करून घेता का?" माझं उत्तर 'हो' असंच आहे. पण का, ते आधी सांगते.

हा लोखंडाचा तुकडा मी सोबत आणला आहे. हातात घ्या, पुढे द्या. साडीला ग्रीस लागेल, सांभाळून. वरचा दांडा हलवून पाहा. सगळीकडे सहज डुगडुगतो ना? तो असा डुगडुगायला नको होता. नव्या सांध्याचा दांडा हाताने वळवायला जोर लागतो. हा आमच्या संघटनेच्या पिकअपच्या उजव्या चाकाचा खालचा बॉल जॉइंट आहे, आणि हा झिजला होता हे आमच्या गाडीत मागे बसणाऱ्या बायांना माझ्या तीन आठवडे आधी कळलं होतं.

आमची गाडी जुनी, वापरलेली घेतलेली. मोहफूल, हिरडा, बांबू, धानाची पोती, शिबिराची भांडी, सतरंज्या असं सगळं ती वाहते. आणि खरं सांगायचं तर बायाही वाहायची. सभेला, मोर्चाला, रोवणीला, तालुक्याच्या कार्यालयात. मागच्या हौद्यात पंधरा-सोळा जणी उभ्या, दोघी-तिघींच्या कडेवर मूल. चालवणारी आमचीच कार्यकर्ती, बारावी झालेली गोंड मुलगी. तिच्याकडे परवाना होता आणि त्याचा आम्हाला केवढा अभिमान! पाहुणे आले की आम्ही आधी तिची ओळख करून द्यायचो.

पावसाळा संपता संपता एक आजी मला म्हणाली, "मॅडम, समोरचं चाक बोलून राह्यलं जी." मी विचारलं, कसं? तिने जिभेने 'खट्ट' असा आवाज काढून दाखवला. "खड्ड्यात गेली का एकदा, निघाली का एकदा." दुसरी म्हणाली, वळताना करकर करते. ड्रायव्हर मुलगी म्हणाली, सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला जाते, सारखं स्टिअरिंग धरून ठेवावं लागतं. मी तिघींचं ऐकलं आणि गाडी गॅरेजला पाठवली. मिस्त्रीने मुलीला विचारलं, "गाडी कोण चालवते? तू? मग आवाज तर येणारच." तो हसला, निपलमधून ग्रीस मारलं, पैसे घेतले. आवाज थांबला. मी बायांना सांगितलं, "मिस्त्रीने पाहिलं आहे, काळजी करू नका."

मी एम. एस. डब्ल्यू. केलेली बाई. 'लोकांच्या अनुभवातून शिका' हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. आणि जेव्हा पंधरा जणींचा अनुभव एका बाजूला होता आणि एका मिस्त्रीचं हसणं दुसऱ्या बाजूला, तेव्हा मी मिस्त्रीचं मानलं. कारण मला स्वतःला त्यातलं काहीच कळत नव्हतं. ज्याला कळत नाही तो खात्रीने बोलणाऱ्याचं ऐकतो.

तीन आठवड्यांनी एका नाल्यातून चढ चढताना चाक खालून निसटलं आणि आडवं पडलं. गाडीचा उजवा कोपरा धपकन खाली बसला. वेग चालण्याइतकाच होता म्हणून मी आज इथे उभी राहून हे सांगू शकते. मागच्या बाया एकमेकींवर आदळल्या. एकीचं मनगट मोडलं. उजव्या हाताचं. पुढे मिरचीचा हंगाम होता आणि तिला त्या वर्षी जाता आलं नाही. तीच गाडी अर्ध्या तासापूर्वी डांबरी रस्त्यावर साठच्या वेगाने धावत होती. त्या अर्ध्या तासाचा विचार मी अजून करते.

आता हा सांधा म्हणजे काय ते पाहू. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात आपण 'उखळीचा सांधा' शिकलो. खांद्याचा आणि खुब्याचा. एका हाडाचं गोल डोकं दुसऱ्या हाडाच्या खळग्यात बसलेलं, म्हणून हात सगळीकडे फिरतो. कोपराचा सांधा बिजागरीसारखा, एकाच दिशेने उघडतो. गाडीच्या पुढच्या चाकाला दोन कामं एकदम करावी लागतात. खड्डा आला की वर-खाली व्हायचं आणि स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे वळायचं. बिजागरीने हे जमत नाही. म्हणून तिथे उखळीचा सांधा लागतो. पोलादाचा गोळा, त्याला निमुळता दांडा, गोळ्याभोवती वाटी, मधे घर्षण कमी करणारं अस्तर, आत ग्रीस आणि वरून रबराची टोपी. तिला बूट म्हणतात. वाटी आर्मला बसवलेली असते. आर्म म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून चाकाकडे गेलेला हात. दांडा चाकाच्या नकलमध्ये बसतो. चाक ज्या भागावर बसतं आणि वळतं त्याला मिस्त्री नकल म्हणतात.

आमच्या गाडीला पुढे एका बाजूला दोन आर्म आहेत, वर एक आणि खाली एक, म्हणून एका चाकाला दोन बॉल जॉइंट. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली आहे. त्यामुळे त्या कोपऱ्याचं सगळं ओझं खालच्या सांध्यातून चाकावर उतरतं, आणि तोच आधी झिजतो. काही गाड्यांत स्प्रिंग वरच्या आर्मवर असते, तिथे ओझं वरच्या सांध्यावर. आणि काही मालवाहू पिकअपना पुढेही पाटेच असतात, आडवा एकसंध अ‍ॅक्सल असतो. तिथे हे सांधे नसतात, त्यांच्या जागी किंगपिन असते. पण स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या टाय रॉडच्या टोकाला अशाच घडणीचा छोटा उखळीचा सांधा सगळ्याच गाड्यांना असतो. म्हणून पहिलं काम, गाडीखाली वाकून आपल्या गाडीला काय आहे ते बघणं. दुसऱ्याच्या गाडीचं ज्ञान आपल्या गाडीला लावू नका.

हा सांधा मरतो कसा? बहुतेक वेळा रबराच्या टोपीपासून सुरुवात होते. टोपीला चीर पडते. आपल्याकडे वर्षातले चार महिने गाडी नाल्या-ओढ्यांतून जाते, चिखल आणि बारीक रेती आत शिरते, ग्रीस धुऊन जातं. मग गोळा आणि वाटी यांच्यामध्ये ती रेती जात्यात घातल्यासारखी दळत राहते. त्यावर ओझं. कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त पोती आपणही भरतो, खोटं कशाला बोला. आणि खड्डे तर आहेतच. वाटी रुंदावते, गोळा आत खेळायला लागतो. याला मिस्त्री 'प्ले आला' असं म्हणतात. शेवटी एक दिवस गोळा वाटीतून बाहेर येतो.

त्या मिस्त्रीने ग्रीस मारल्यावर आवाज का थांबला, हेही आता समजेल. घट्ट ग्रीसने गोळा आणि वाटीमधली पोकळी भरली गेली. आवाज दबला, झीज होती तेवढीच राहिली. आवाज आला असता तर निदान बाया पुन्हा ओरडल्या असत्या. बंद पडलेल्या आवाजाला आम्ही दुरुस्ती समजलो.

खुणा लिहून घ्या. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर पुढून खट्ट आवाज. वळताना करकर. सरळ रस्त्यावर गाडी भरकटणं. ब्रेक मारताना एका बाजूला ओढणं. पुढच्या टायरची एकच कड, आतली किंवा बाहेरची, जास्त झिजणं. रबराची टोपी फाटलेली किंवा तिच्याभोवती ओलं ग्रीस पसरलेलं. यातल्या प्रत्येक खुणेला दुसरीही कारणं असू शकतात. टायरची कड चाकांचं अलाइनमेंट बिघडल्यानेही झिजते. म्हणून खूण दिसली की तपासायचं.

तपासणी दोघींनी करायची. गाडी सपाट, कडक जमिनीवर. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगडांची ओट. आमच्यासारखी स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्याच आर्मखाली, सांध्याच्या जवळ लावायचा आणि चाक जमिनीपासून थोडं सुटेपर्यंत उचलायचं. जॅक सांगाड्याखाली लावला तर आर्म खाली लोंबतो, स्प्रिंगच्या ताणाने सांधा घट्ट दाबलेला राहतो आणि प्ले लपतो. सांगाड्याखाली वेगळी घोडी लावायचीच. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जायचं नाही. जॅक सरकतो. विटांचा थर तर अजिबात नको, वीट फुटते.

मग एकीने टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवायचा. दुसरीने बॅटरीच्या उजेडात सांध्याकडे बघायचं. त्यानंतर टायरखाली सब्बल घालून हळू उचकायचं. आर्म जागेवर आणि नकल वर-खाली हलताना दिसली तर सांधा गेला. टायर डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले जाणवला तर टाय रॉडचं टोक तपासा. कधी कधी हालचाल चाकाच्या बेअरिंगची असते. ते ओळखायला तिसरीला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा, तरीही राहिली तर सांध्याचा. किती प्ले चालतो हे प्रत्येक गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पुस्तक हाताशी नसेल तेव्हा आमचा नियम सोपा आहे. डोळ्याला हालचाल दिसली की त्या दिवशी गाडी निघणार नाही.

आता बदलणं. ज्या मिस्त्रीने आम्हाला हे शिकवलं तो दुसरा, मूलकडचा एक म्हातारा माणूस. त्याने आधी आमच्याकडून चाकाचे नट काढून घेतले, मग चहा दिला. तो सांगायचा तसंच सांगते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, उचलल्यावर चाक फिरतं. मग गाडी उचला, घोडी लावा, चाक काढा. काढलेलं चाक सांगाड्याखाली आडवं सरकवून ठेवा, घोडी घसरलीच तर गाडी माणसावर न पडता चाकावर पडते. खालच्या आर्मखाली जॅक लावून तो घट्ट आधारलेला ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. त्या स्प्रिंगमध्ये गाडीच्या कोपऱ्याचं वजन दाबून ठेवलेलं असतं. आर्म मोकळा सुटला तर स्प्रिंग उसळते आणि तोंडासमोर असलेलं माणूस वाचत नाही. म्हणून स्प्रिंगला साखळी बांधतात आणि कुणीही समोर बसत नाही. ज्या गाडीला स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार असतो, तिथे त्याचा ताण आधी उतरवावा लागतो. ते काम जाणत्या माणसाशिवाय करू नका.

ब्रेकचा कॅलिपर काढावा लागला तर तो तारेने वर टांगा. नळीवर लोंबू देऊ नका, नळी आतून तुटते. मग दांड्याच्या नटातली स्प्लिट पिन काढा. नट ढिला करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. दांडा निमुळता असल्यामुळे नकलमध्ये पाचरीसारखा रुतलेला असतो. तो सोडवायला पुलर वापरतात. पुलर नसेल तर नकलच्या बाजूवर, जिथे दांडा बसलेला आहे तिथे, जड हातोड्याचे ठोके मारतात आणि दांडा टपकन सुटतो. दांड्याच्या टोकावर ठोकायचं नाही, आटे चेपतात. नट राखून ठेवलेला असतो तो याच क्षणासाठी. सुटलेला भाग एकदम खाली येत नाही.

आर्मला सांधा तीन प्रकारांनी बसवलेला असतो. आमच्यासारखा बोल्टांनी बसवलेला असेल तर बोल्ट काढले की निघतो. रिव्हेट असतील तर त्या कापाव्या लागतात आणि नव्या सांध्याबरोबर आलेले बोल्ट लावतात. दाबून बसवलेला असेल तर त्याला प्रेस लागतो, हातोड्याने ठोकून बसवलेला सांधा आणि आर्म दोन्ही खराब होतात. अशा वेळी आर्म काढून प्रेस असलेल्या गॅरेजला न्यावा. काही गाड्यांत कंपनी आख्खा आर्मच बदलायला सांगते.

जागा तारेच्या ब्रशने साफ करा. आर्मला चीर आहे का बघा. नवा सांधा बसवा. बोल्ट आणि नट टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या मापाने आवळा. दांड्याच्या नटाला खाचा असतात. पिनचं भोक आणि खाच जुळली नाही तर नट थोडा आणखी आवळून जुळवा, मागे ढिला करून कधीही नाही. पिन नवीनच लावा. ती एक-दोन रुपयांची वस्तू आहे आणि तिच्यावर पंधरा जणींचा जीव आहे. निपल असेल तर टोपी किंचित फुगेपर्यंत ग्रीस भरा, फुटेपर्यंत नाही. चाक लावा, नट समोरासमोरचे असे आवळा, गाडी खाली उतरवून पुन्हा आवळा. आधी मोकळ्या जागेत हळू चालवून बघा. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. आणि अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवा टायर महिन्यात खाल्ला जाईल. एका बाजूचा सांधा गेला तर दुसरीकडचाही तेवढाच जुना असतो, तोही तपासा. सांधा घेताना पक्कं बिल मागा. आमच्याकडे या सगळ्याचा खर्च एका बाईच्या चार-पाच दिवसांच्या मजुरीइतका आला. मोडलेल्या मनगटाने तिचा आख्खा हंगाम गेला.

सगळ्याजणींनी हे स्वतः करावं असं मी म्हणत नाही. आम्हीसुद्धा पहिली दोन वेळा त्या मिस्त्रीच्या देखरेखीखाली केलं, आणि प्रेसचं काम आजही गॅरेजलाच नेतो. पण तपासणी मात्र प्रत्येकीला यायलाच हवी. ज्या बाईला जॅक कुठे लावायचा ते माहीत आहे, तिला कुणी "तू चालवतेस म्हणून आवाज येतो" असं सांगू शकत नाही. आमची ड्रायव्हर मुलगी आता गॅरेजमध्ये विचारते, "आर्मखाली जॅक लावून प्ले पाहिला का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिथली सगळी माणसं वळून बघायला लागली. आता सवय झाली आहे. त्यांनाही आणि तिलाही.

स्टिअरिंग आपल्या हातात येऊ लागलं आहे. २०२३ च्या जूनमध्ये अर्चना अत्राम यांनी सासवडहून एसटीची बस चालवली, एसटीच्या पहिल्या महिला चालक म्हणून त्यांचं नाव झालं. आपल्याच सिरोंचा तालुक्यातल्या किरण कुर्मावार यांनी टॅक्सी चालवत शिक्षण केलं आणि त्यांना परदेशी शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण गाडीच्या वरची जागा मिळाली तरी गाडीच्या खालची जागा अजून आपली नाही. पाना अजून दुसऱ्याच्या हातात आहे, आणि ज्याच्या हातात पाना असतो तो ठरवतो की गाडी चांगली आहे की नाही.

आता कठीण भाग. अपघातानंतर आमच्या बैठकीत त्या मनगट मोडलेल्या बाईच्या नवऱ्याने विचारलं, "विम्यातून काय मिळते?" मी वकिलांकडे गेले. त्यांनी आमची गाडी मालवाहू आहे ना, एवढंच विचारलं. मालवाहू गाडीतून माणसं नेणं हे परवान्याच्या अटींविरुद्ध आहे. ते मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं. पण पुढचं माहीत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या डिसेंबरमध्ये आशा राणी खटल्यात सांगितलं की मालवाहू गाडीतून नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची सक्ती कायद्याने विमा कंपनीवर येत नाही. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत असेल तर त्याचा समावेश १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात झाला आहे. गाडीमालकाच्या पगारावरच्या मजुरांची गोष्टही वेगळी आहे. पण सभेला निघालेली बाई यातल्या कशातच बसत नाही. तिची भरपाई गाडीच्या मालकाकडूनच मागायची. आमच्या गाडीचा मालक कोण? आम्हीच, आमची संघटना.

म्हणजे आम्ही मजुरांच्या हक्कांच्या घोषणा देत होतो आणि आमच्याच हौद्यात बाया पोत्यांसारख्या भरून नेत होतो. त्यांना काही झालं असतं तर कागदावर त्यांची नोंद पोत्यांइतकीही नव्हती, पोत्यांची निदान पावती असते. आम्ही तिच्या उपचाराचा खर्च दिला, वर्गणी काढून बुडालेल्या मजुरीचा काही भाग दिला. सगळा देता आला नाही. हे मी इथे सांगते कारण आपल्यापैकी बहुतेक संघटनांकडे अशीच एक गाडी आहे.

बाया गाडीत का चढतात? कारण एसटी नाही. ज्या गावाला दिवसातून एक फेरी येते आणि पावसात तीही बंद होते, तिथल्या बाईला 'मालवाहू गाडीत बसू नको' असं सांगणं म्हणजे 'कामाला जाऊ नको' असं सांगणं. दर वर्षी हिवाळा सरता सरता आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून बाया आणि आख्खी कुटुंबं तेलंगणात मिरची तोडायला जातात, मजुरी कुठे रोख, कुठे मिरचीच्याच रूपात. ठेकेदाराची गाडी रात्री येते, पहाटे निघते. गाडीखाली वाकून कोण बघणार? २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. तीत मिरची तोडायला निघालेल्या बाया होत्या. त्यांतल्या अनेक बुडाल्या. ती नाव होती आणि ही पिकअप आहे, पण प्रश्न एकच आहे. मजुरी झाडाशी गेल्यावर मोजायला सुरू होते आणि झाडापर्यंत पोचण्याची जोखीम बाईच्या खात्यावर टाकली जाते. कामावर जाण्याचा रस्ता हा कामाचाच भाग आहे, हे आपल्याला मागणी म्हणून मांडावं लागेल.

आम्ही काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही. आमच्या पिकअपमध्ये आता माणसं नेत नाही. सभेला बाया कमी येतात, हे खरं आहे. म्हणून सभा आम्ही त्यांच्या गावाला नेतो. गाडीची वही ठेवली आहे. दर महिन्याला दोघी मिळून तपासतात आणि सही करतात. प्रवासात जिला आवाज ऐकू आला तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहितात. पहिल्या पानावर 'चाक बोलून राह्यलं' असंच लिहिलं आहे.

मिरचीच्या हंगामाआधी दोन गावांतल्या गटांनी ठेकेदाराला सांगितलं की प्रवासी गाडी आण, आणि निघण्याआधी पुढची चाकं आम्ही हलवून बघू. एका गावात तो तयार झाला. एक चाक हललं, गाडी बदलून आली, बाया एक दिवस उशिरा गेल्या. दुसऱ्या गावात तो काही न बोलता निघून गेला आणि शेजारच्या गावातून बाया घेऊन गेला. त्या गटाचा हंगाम बुडाला. त्यांना मी काय सांगू? माझ्याकडे एवढंच आहे की शेजारच्या गावातही हे शिबिर घ्यायला हवं होतं आणि आम्ही घेतलं नव्हतं. एका गावाने मागितलं तर ठेकेदाराला गाव बदलता येतं. आख्ख्या पट्ट्याने मागितलं तर त्याला गाडी बदलावी लागेल. म्हणूनच आज तुम्हा सगळ्यांना एकत्र बोलावलं आहे.

मनगट मोडलेली ती मैत्रीण आज इथे आहे. नाव सांगू नको म्हणाली, म्हणून सांगत नाही. तिचा हात पूर्वीसारखा वळत नाही, पण टायर धरून हलवताना प्ले सगळ्यात आधी तिलाच कळतो. आता अंगणात चला. गाडी उभी आहे, ओट लावलेली आहे. जॅक कुठे लावायचा ते मी दाखवणार नाही. तीच दाखवेल.